शर्यत संपली, हिशेब उरला

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात २०११ साली बंदरालगतच्या सार्वजनिक रस्त्यांवर मोटारशर्यत भरली. ‘इंडीकार’बरोबरच ‘अमेरिकन ल मान्स’ मालिकेच्या स्पोर्ट्स कारही तेथे धावल्या. त्यासाठी रस्ते दुरुस्त झाले ते सार्वजनिक पैशातून. करार पाच वर्षांचा; पण पहिल्याच शर्यतीनंतर संयोजक कर्जात बुडाले आणि शहराला करार मोडावा लागला. नव्या संयोजकांनी २०१२ व २०१३ मध्ये शर्यत पार पाडली. पुढे सोयीची तारीख मिळेना. शर्यत थांबली ती कायमची. अशा प्रसंगी पर्यटकांच्या खर्चाचे आकडे उत्साहाने सांगितले जातात. अडलेल्या वाहतुकीची किंमत मात्र सहसा मांडली जात नाही. लाभाची आशा खासगी आणि जोखीम सार्वजनिक, हा सौदा कोणत्याही नगरीने दहादा पारखून घ्यावा.