जठरातला जंतू आतड्याचा राखणदार नव्हे

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू मोठ्या आतड्याचं रक्षण करतो, त्याच्या वाटेला जाऊ नका, असं सांगणारे लोक हल्ली भेटतात. मग एखाद्याच्या हातात चौदा दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स पडला, की ‘हा जंतू मेला आणि उद्या कोलायटिस झाला तर?’ या भीतीने तो गोळ्या बाजूला ठेवून देतो. ही भीती हवेतून आलेली नाही. पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो. २०१० साली २३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हे आतड्याच्या दाहाचे आजार असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांत हा जंतू सापडला, आणि हे आजार नसलेल्यांत सुमारे ४१ टक्के. पुढच्या विश्लेषणांतही कल तोच राहिला, क्रोन्समध्ये तर जास्तच ठळक. संशोधक मार्टिन ब्लेझर यांनी २०१४ च्या ‘मिसिंग मायक्रोब्ज’ या पुस्तकात हा जंतू माणसाचा प्राचीन सोबती असल्याची मांडणी केली. उंदरांवरच्या प्रयोगांत तो प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी वाढवतो, हेही दिसलं. तैवानच्या आरोग्यविमा नोंदींत जंतूवर उपचार घेतलेल्यांना पुढे आतड्याचा दाह थोडा अधिक झालेला आढळला.

हे सगळं मान्य आहे. पण यावरून जंतू राखणदार ठरत नाही. हा जंतू लागतो लहानपणी, बहुधा घरातल्याच माणसांकडून. दाटीची घरं, अस्वच्छ पाणी, एका खोलीत झोपणारी भावंडं असली की तो सहज पसरतो. नळाचं शुद्ध पाणी आलं, कुटुंबं लहान झाली, बारीकसारीक तापालाही अँटिबायोटिक मिळू लागलं, की तो मागे हटतो. आतड्याचा दाह वाढतो तोही नेमका अशाच बदललेल्या राहणीत. दोन्ही बदल एकाच कारणातून येत असतील, तर एकाला दुसऱ्याचं कारण कसं म्हणायचं?

दुसरी अडचण तपासणीतच आहे. दुर्बिणीतून जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू असेल तर त्याच्या युरिएज या विकरामुळे जेलमधल्या युरियाचा अमोनिया होतो आणि जेल गुलाबी पडतं. पण रुग्णाने नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल किंवा पित्ताची गोळी चालू असेल, तर जंतू असूनही जेल पिवळंच राहू शकतं. क्रोन्सच्या रुग्णांना मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लोक्सासिन ही अँटिबायोटिकं अनेकदा दिली जातात. तैवानच्या आकड्यांतही अँटिबायोटिकचा प्रश्न येतो, कारण जंतूवरचा उपचार त्यांनीच होतो आणि त्यांचा वापर स्वतःच आतड्याच्या दाहाशी जोडला गेला आहे. उपचारांपूर्वी तपासलेल्या मुलांतही जंतू कमी आढळला आहे, त्यामुळे सगळा फरक औषधांच्या माथी मारता येणार नाही. त्या मुलांबाबत मात्र बालपणीच्या राहणीचा मुद्दा पुन्हा उभा राहतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. भारतात हा जंतू सर्रास आढळतो. तरीही पंजाबातल्या पाहणीत, जी २००३ साली प्रसिद्ध झाली, अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण लाखात ४४ निघालं. जंतू घरोघरी असून आजार थांबला नाही.

आता या जंतूची दुसरी बाजू पाहा. संशोधक बॅरी मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. या जंतूच्या शोधासाठी २००५ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला पहिल्या गटातला, म्हणजे निश्चित कर्करोगकारक ठरवलं. तैवानच्याच मात्सू बेटांवर २००४ पासून सर्वांची तपासणी करून उपचार झाले आणि जठराच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. एकीकडे सिद्ध झालेलं नुकसान आहे, दुसरीकडे सिद्ध न झालेलं संरक्षण. यात निवड अवघड नाही.

याचा अर्थ पोट फुगलं की तपासणीशिवाय जंतूचा कोर्स सुरू करावा असा नाही. मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू आपल्याकडे भरपूर आहेत, आणि आधीच कोलायटिस असलेल्याने पोटाच्या तज्ज्ञाला विचारूनच हा कोर्स घ्यावा. पण व्रण असेल, जठरातून रक्तस्राव झाला असेल, घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल आणि तपासणीत जंतू सापडला असेल, तर गोळ्या पूर्ण घ्या. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची चाचणी करून जंतू गेल्याची खात्री करून घ्या. आणि शौचातून वारंवार रक्त पडत असेल, तर मूळव्याध म्हणून मलम लावत बसू नका. कोलोनोस्कोपी करून घ्या.