न संपणारा डाव

मानवतच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागली, की आमच्या गल्लीला दोन-तीन महिने जरा बरे दिवस येतात. उधाऱ्या फिटतात, लग्नाच्या याद्या होतात. २०२३च्या डिसेंबरात अशाच एका रात्री शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. ‘काका, आबांना सांगू नका,’ एवढे म्हणून तो रडायलाच लागला. वडिलांच्या खात्यात जमा झालेल्या कापसाच्या पैशांतले अडतीस हजार रुपये त्याने मोबाईलवरच्या रमीत घालवले होते. पहिल्या दिवशी तो साडेचारशे रुपये जिंकला होता. तेच महागात पडले.

यात माझाही वाटा आहे. आबांना बँकेचे इंग्रजी संदेश वाचता येत नाहीत, तेव्हा खात्याला मुलाचाच नंबर जोडा, हा सल्ला माझा. पूर्वी आडत्या नोटा मोजताना ‘बाप कुठाय रे तुझा?’ असे विचारायचा. मोबाईलने काही विचारले नाही.

मी खेळांचा वैरी नाही. टीव्हीला जोडलेल्या डब्यात कॅसेट घालून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळण्यासाठी आम्ही पोरे तासावर पैसे मोजत असू. पोरे बिघडली, असे तेव्हाही म्हटले जाईच. पण जीव संपले की डाव संपे. पैसे संपले की दुकानदार उठवे, आणि तो विसरलाच तर भारनियमन होतेच! हातातल्या आजच्या खेळाला शेवटच नाही. तुम्ही कंटाळलात की तो बक्षीस दाखवतो, हरून उठलात की बोनसचा संदेश पाठवतो. आपण खेळ शिकत असतो तेव्हा खेळही आपल्याला शिकत असतो. तो बनवणाऱ्याचे पोट आपण न उठण्यावर चालते. माझा आक्षेप आहे तो इथे.

आपण मात्र वाद घालतो तो बंदुकांच्या खेळांवर. पबजीवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, ती मुलांच्या झोपेसाठी नव्हे, देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. पुढच्याच वर्षी तो नवे नाव घेऊन परतला. रमीला तर १९६७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार होता. हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ, असे तेव्हा म्हटले गेले. पण तो पाराखाली चार ओळखीची माणसे बसून खेळण्याचा काळ. कौशल्य-कौशल्य म्हणत हा धंदा इतका फोफावला, की ड्रीम इलेव्हनचे नाव २०२३मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर जाऊन बसले. छातीवर जे मिरवले जाते ते वाईट आहे, हे पोराला कोणत्या तोंडाने सांगायचे?

जुलै २०२५मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, चित्रफीत गाजली. आपण केवळ जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे त्यांना कृषीऐवजी क्रीडा खाते मिळाले. त्यावर आमच्या मोंढ्यात जे बोलले गेले ते छापण्याजोगे नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे शहाणपणाचे आहे. पण कायदा पैशाचा डाव मोडेल, डोके खुपसून बसण्याची सवय कशी मोडणार? आणि फुकटात मिळणाऱ्या संपत्तीची ओढ? आमच्या गावाला तिची फार जुनी, फार कडू ओळख आहे. १९७२ ते ७४ या काळात गुप्तधनाच्या हव्यासातून इथे लहान मुलींचे आणि बायकांचे बळी गेले. २०२४मध्ये त्यावर मालिका आली, तीही आम्ही मोबाईलवरच पाहिली. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजायच्या नाहीत. पण ती मालिका पाहताना मला शेजारचा मुलगा आठवत राहिला.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२मध्ये एक साधा उपाय केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मला त्यात आवडले ते हे, की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. मी स्वतः रात्री अकरापर्यंत रंगीत गोळ्या फोडत बसतो आणि मुलीला ‘मोबाईल ठेव’ म्हणतो, तेव्हा ती माझ्याकडे कशी पाहते ते मला ठाऊक आहे.

त्या मुलाला घेऊन मी दुसऱ्या दिवशी आबांकडे गेलो. आबा ओरडतील, मारतील, असे वाटले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. तंबाखू मळत बराच वेळ गप्प राहिले. मग विचारले, ‘समोर कोण होतं रे खेळायला?’

‘माहीत नाही, आबा. नुसती नावं दिसायची.’