त्रिकसंधि आणि पांच वर्षांनंतरचा हिशेब

गेल्या महिन्याच्या आरंभीं एका भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणास दोन वर्षें होऊन गेलीं, तरी कंबरेच्या खालीं उजव्या अंगास बसलेलें दुखणें हटत नाहीं. त्या कुशीवर निजवत नाहीं, जिना चढवत नाहीं, पाटावरून उठतांना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. शस्त्रवैद्यांनीं तो सांधा कायमचा जोडून टाकण्याचें सुचविलें आहे, आणि घरांत दोन पक्ष पडले आहेत. आत्याबाई म्हणतात, बाळंतिणीची कंबर कोणाची दुखत नाहीं? चिरंजीव म्हणतात, उद्यांच शस्त्रक्रिया करूं. "शस्त्रक्रिया झालेल्यांचें पुढें काय होतें, एवढें तरी सांगा," असें भगिनी लिहितात.

आम्ही वैद्य नव्हों. जन्म मुलांना व्याकरण शिकविण्यांत गेला. परंतु छापलेल्या मजकुरांत काय सिद्ध झालें आणि काय नाहीं, एवढें पाहण्याची संवय त्या धंद्यानें लाविली आहे. तेवढ्याच अधिकारानें हें लिहितों.

अमरकोशांत ज्यास त्रिक म्हटलें आहे तें पाठीच्या कण्याच्या तळचें हाड, आणि त्याच्या दोहों बाजूंचीं कटीचीं हाडें, यांचा हा सांधा. (रोमन लोकांनीं या हाडास 'पवित्र अस्थि' असें नांव दिलें होतें, आमच्या कोशकारांनीं इतकी भक्ति दाखविली नाहीं.) खांद्याप्रमाणें तो फिरत नाहीं, त्याची हालचाल अवघी दोनचार अंशांची. परंतु धडाचा भार पायांकडे जातो तो याच वाटेनें. गरोदरपणीं त्याचीं बंधनें सैल पडतात. बाळंतपणानंतर कांहीं महिन्यांत बहुतेकींचें दुखणें आपोआप ओसरतें. थोड्याजणींस तें चिकटून राहतें. तेव्हां आत्याबाईंचें म्हणणें अर्धें खरें आहे. पण दोन वर्षें न हटणारें दुखणें ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला सोंग समजणें हा अन्याय आहे.

सांधा जोडण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. नॉर्वे देशांत जन्मलेल्या स्मिथ-पीटर्सन या शस्त्रवैद्यानें अमेरिकेंतील बोस्टन शहरीं 1921 सालीं तिची एक रीत प्रसिद्ध केली. आणि 1926 सालीं रॉजर्स या सहकाऱ्याबरोबर, शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचें पुढें काय झालें, त्याचा निबंध लिहिला. त्या निबंधाच्या मथळ्यांत 'अंतिम फल' या अर्थाचे शब्द आहेत. ते शब्द त्याच शहरांतील कॉडमन नांवाच्या एका विक्षिप्त शस्त्रवैद्यानें रूढ केले होते. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, प्रत्येक रोग्यास वर्षानंतर गांठून तो बरा झाला कीं नाहीं हें लिहून ठेवावें, आणि झाला नसल्यास कां नाहीं तेंहि लिहावें. 1911 ते 1916 या काळांत आपल्या लहानशा रुग्णालयांतून घरीं गेलेल्या 337 रोग्यांच्या हिशेबांत त्यानें 123 चुका नोंदविल्या, आणि त्या छापून प्रसिद्ध केल्या! 1915 सालीं वैद्यांच्या भरसभेंत त्यानें एक व्यंगचित्र दाखविलें: शहरांतील धनिक समाज म्हणजे वाळूंत तोंड खुपसून वैद्यांकडे सोन्याचीं अंडीं लोटणारा शहामृग. अर्थातच मंडळी खवळली. 1940 सालीं तो वारला, आणि त्याच्या थडग्यावर नांवाचा दगड बसला तो 2014 सालीं. उत्तरपत्रिका काटेकोर तपासणाऱ्या मास्तराची लोकप्रियताहि साधारण एवढीच असते.

1934 सालीं मिक्स्टर व बार यांनीं, बोस्टनमधूनच, मणक्यांमधील चकती फाटून मज्जातंतु दाबले जातात हें दाखविलें, आणि वैद्यांचें लक्ष या सांध्यावरून उडालें. तें पुन्हां वळलें चालू शतकांत. आतां लहानसा छेद घेऊन टायटेनियम धातूच्या त्रिकोणी सळया, बहुधा तीन, सांध्यांतून आरपार बसवितात.

या नव्या रीतीचा पांच वर्षांचा एक अमेरिकन हिशेब 2019 सालीं प्रसिद्ध झाला. रोगी 103, त्यांपैकीं 93 अखेरपर्यंत तपासणीस आले. ही हजेरी वाखाणण्यासारखी आहे. वेदनेस शून्य ते शंभर गुण देण्याची त्यांची रीत आहे. पांच वर्षांअंतीं वेदना सरासरीनें 54 गुणांनीं उतरलेली आढळली. अफूच्या जातीचीं वेदनाशामकें घेणारे आरंभीं शेंकडा 77 होते, ते अखेरीस शेंकडा 41 राहिले. बेल्जम, जर्मनी, इटली व स्वीडन येथें (योगायोगानें तेथेंहि रोगी 103) दोन गट करून तुलना केली. दोन वर्षांनीं शस्त्रक्रियेच्या गटाची वेदना 45 गुणांनीं, आणि व्यायामादि उपचारांच्या गटाची 11 गुणांनीं कमी झाली.

एवढ्यावर चिरंजीवांचा पक्ष जिंकला असें वाटेल. परंतु न्यायशास्त्र शिकलेल्यास येथें एक शंका येते. कारण असतां कार्य असणें हा अन्वय झाला. कारण नसतां कार्य नसणें, हा व्यतिरेक कोठें आहे? पांच वर्षांच्या हिशेबांत तुलनेचा गटच नव्हता. युरोपांतील प्रयोगांत गट होते, पण आपल्यावर कोणता उपचार झाला हें प्रत्येकास ठाऊक होतें. शिवाय या दोन्ही प्रयोगांस द्रव्य पुरविलें तें सळया विकणाऱ्या कंपनीनेंच.

व्यतिरेकाची परीक्षा नॉर्वे व स्वीडन येथील वैद्यांनीं केली. तिचा निकाल 2024 सालीं प्रसिद्ध झाला. 63 रोग्यांपैकीं 32 जणांस सळया बसविल्या. उरलेल्या 31 जणांस भूल दिली, छेदहि घेतला, पण सळया बसविल्या नाहींत. आणि सहा महिने कोणासहि आपला गट कळूं दिला नाहीं. दहा गुणांच्या मापानें खऱ्या शस्त्रक्रियेनें वेदना 2.6 गुणांनीं, आणि नुसत्या छेदानें 1.7 गुणांनीं कमी झाली! इतक्या थोड्या रोग्यांत एवढासा फरक योगायोगाचाहि असूं शकतो. शिवाय 2.6 गुण म्हणजे शंभरांत 26. अमेरिकन हिशेबाच्या निम्म्याहूनहि कमी. स्मिथ-पीटर्सनच्या जन्मभूमींतूनच हें उत्तर यावें, हा एक योग.

यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी असें आम्ही म्हणत नाहीं. सहा महिने म्हणजे पांच वर्षें नव्हेत, आणि 63 रोगी फार नव्हेत. परंतु आराम पडला त्याचें सगळें श्रेय सळयांचें, असें म्हणण्यास आतां जागा उरली नाहीं. काळ, विश्वास, शुश्रूषा, घरच्यांनीं उचललेलें काम, यांचाहि वांटा त्यांत आहे. उलट बाजूस सळई थोडी वांकडी गेली तर शेजारच्या मज्जातंतूस लागते व पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. आणि सांधा एकदां जुळला कीं तो पूर्ववत् करतां येत नाहीं.

म्हणून भगिनींस आम्हीं उलटटपालीं कळविलें कीं, प्रथम दुखणें याच सांध्याचें आहे हें ठरवून घ्यावें. यंत्रांत पाहून सांध्यांत बधिर करणारें औषध सोडतात. घटकाभरांत दुखणें निम्म्याहून अधिक उतरलें तर संशय बळावतो, नाहीं तर नाहीं. मग जाणत्या व्यायामतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं सहा महिने नेमानें व्यायाम व्हावा. घरचें काम आटोपून उरल्या वेळांत नव्हे, कामांतून सोडवणूक करून. एवढ्यानेंहि न भागलें तर शस्त्रवैद्यांस निःसंकोच विचारावें कीं, पांच वर्षांपूर्वीं ज्यांचे सांधे आपण जोडले त्यांपैकीं किती जणांची आज आपणांस खबर आहे? चांगला वैद्य या प्रश्नानें रागावत नाहीं.

परवां भगिनींचें दुसरें पत्र आलें. औषध सोडलें त्या सायंकाळीं सूनबाई वर्षभरानंतर प्रथमच आपल्या पायांनीं गच्चीवर जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशीं दुखणें परत आलें. म्हणजे सांधा हाच. व्यायाम सुरू झाला आहे, शस्त्रक्रियेचा विचार सहा महिने पुढें ढकलला आहे. आणि जेवणाच्या पंगतींत सुनेचा पाट उचलून तेथें खुर्ची मांडली, ती आत्याबाईंनीं.