गोऱ्याचे गाणे साहित्य, काळ्याचे गाणे गुन्हा?

एका सामान्य पोराने घरात जपून ठेवलेले एक हजार पौंड गायब होतात. एवढ्याशा घटनेवर बर्मिंगहॅममध्ये वाढलेल्या माईक स्किनर या गोऱ्या तरुणाने २००४ साली एक अख्खा अल्बम रचला. 'द स्ट्रीट्स' या नावाने निघालेल्या या अल्बमचे शीर्षक 'अ ग्रँड डोन्ट कम फॉर फ्री', म्हणजे हजार पौंड काही फुकट मिळत नाहीत! यात राजा नाही, राणी नाही. डीव्हीडी दुकानात परत करायची आहे, एटीएममधून पैसे निघत नाहीत, आईला फोन करावा तर मोबाईलची बॅटरी संपलेली. मग सिमोन नावाची प्रेयसी, फुटबॉलवरचा जुगार, नशा, मित्रांवरचा संशय आणि प्रेमभंग. अकरा गाण्यांची ही एकच सलग कथा आहे. दोन तबकड्यांच्या चारही बाजू क्रमाने ऐकल्या तरच ती कळते. शेवटच्या गाण्यात दोन शेवट आहेत. एकात नायक संशयापायी एकटा पडतो. दुसऱ्यात तो मित्राला घरात घेतो आणि हरवलेले पैसे टीव्हीच्या मागे सापडतात.

हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. समीक्षकांनी त्याला साहित्याच्या पंक्तीत बसवले. ते योग्यच झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पण वाचकहो, हे संगीत घडवले कोणी? गॅरेजचा मूळ ताल अमेरिकेतला. त्याला जमैकन स्थलांतरितांच्या साउंड सिस्टिमची, तबकडीवर माईक घेऊन बोलण्याच्या परंपरेची जोड मिळाली ती लंडनमध्ये. परवाना नसलेल्या रेडिओ केंद्रांनी ते घराघरात नेले. त्यात गोरेही होते, परंतु कामगार वसाहतींतील काळ्या तरुणांचा वाटा फार मोठा होता. 'सो सॉलिड क्रू' हा त्यांच्यातलाच समूह २००१ साली पहिल्या क्रमांकावर पोहोचला. २ जानेवारी २००३ च्या पहाटे बर्मिंगहॅममध्ये दोन निष्पाप मुली गोळीबारात मारल्या गेल्या, तेव्हा सांस्कृतिक खात्याचे मंत्री किम हॉवेल्स यांनी याच समूहाचे नाव घेऊन संगीताला दोष दिला!

पुढे २००५ साली लंडनच्या महानगर पोलिसांनी 'फॉर्म ६९६' आणला. वकील म्हणून आम्हाला हा कागद फार बोलका वाटतो. रेकॉर्ड केलेल्या संगीतावर डीजे किंवा एमसी सादरीकरण करणार असतील अशा कार्यक्रमांसाठी हा अर्ज होता. म्हणजे चौघांनी गिटार वाजवली तर ते व्याख्येत येत नाहीत. कलावंतांची नावे, पत्ते, जन्मतारखा चौदा दिवस आधी द्यायच्या. संगीत कोणत्या प्रकारचे? या रकान्यात उदाहरणादाखल गॅरेजचे नाव छापलेले होते. आणि श्रोते कोणत्या वंशाचे येणार, हेही विचारले होते! व्याख्या वरवर सर्वांना सारखी. ती शब्दशः लावली तर स्किनरही तीत बसतो. खरा भेद रकान्यांत होता.

काही कार्यक्रमांत हिंसा झाली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गुन्ह्याचा तपास व्यक्तीचा होतो, तालाचा आणि कातडीच्या रंगाचा होत नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळते. शिवाय हा अर्ज कोणत्याही कायद्याने सक्तीचा केलेला नव्हता. काही ठिकाणी तो परवान्याच्या अटींत घातला गेला, आणि अटीत आला की मालकाला पर्याय उरत नाही. पोलिसांची नाराजी ओढवून घेण्यापेक्षा तो कार्यक्रमच नाकारतो. लेखी बंदी नाही, त्यामुळे आव्हान द्यायला आदेशही नाही. चौकीत लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी हेलपाटे घातलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ओरड झाल्यावर वंशाचा रकाना गेला. २००९ साली संसदेच्या समितीने अर्जच रद्द करा अशी शिफारस केली, तरी तो नोव्हेंबर २०१७ पर्यंत टिकला. या बारा वर्षांत किती पोरांच्या हातातला माईक निघून गेला, याचा हिशेब त्या पोलिसांकडे कोणी मागायचा?