घटीची दुसरी वही
बंगळूरच्या पेठेतल्या गलाई कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा जाहीरनामा

रात्री दुकान बंद करताना आम्ही फरशी झाडतो, पण केर फेकत नाही. हात धुतलेलं पाणी, भट्टीची राख, फुटलेली मूस, अंगावरचा जुना बनियनसुद्धा जपून ठेवतो, कारण त्यात सोन्याचे कण असतात. पुढे हे सगळं जाळून, धुऊन त्यातलं सोनं काढलं जातं. सोनं गाळून देणं हे आमचं गलाईचं काम. गाळताना किती मिलिग्रॅम घट आली याचा जाब व्यापाऱ्याला द्यावा लागतो आणि आम्ही तो देतो. धंद्याची अब्रू त्या हिशेबावर उभी आहे.

भट्टीपुढे बसलेल्या माणसाच्या शरीरात किती घट आली, याची वही आम्ही कधी ठेवली नाही. ती ठेवायला आम्ही एकत्र आलो आहोत.

आम्ही खानापूर, आटपाडी, कडेगाव, खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडलेली माणसं. शेतानं पोट भरेना, म्हणून आमचे आजे-पणजे मूस आणि चिमटा घेऊन देशभर गेले. बंगळुरात आम्ही नगरथपेठ, चिकपेठ, अव्हेन्यू रोडच्या बोळांत आहोत. बरीच दुकानं एका खोलीची. खाली भट्टी आणि माळ्यावर झोपायची जागा, काही ठिकाणी बायकापोरंही तिथंच. शेजारी बंगाली कारागीर दागिने घडवतात. धूर त्यांच्या आणि आमच्या खोलीत फरक करत नाही, म्हणून ही चळवळ त्यांचीही आहे.

आता मूळ गोष्ट. एके काळी दुकानांच्या पाट्यांवर ‘केडीएम’ हे शुद्धतेचं नाव होऊन बसलं होतं. दागिन्याचे तुकडे जोडायला डाक लागते. 92 भाग सोनं आणि 8 भाग कॅडमियम अशी ही केडीएमची डाक. तिचं कौतुक कशासाठी, तर जोड दिल्यावर दागिन्याचा कस उतरत नाही. का उतरत नाही, हे गिऱ्हाईकाला कुणी सांगितलं नाही. कॅडमियम 767 अंश सेल्सिअसला उकळतं, सोनं वितळायला 1064 अंश लागतात. म्हणजे सोनं पातळ होण्याआधीच कॅडमियमची वाफ होऊ लागते. दागिना शुद्ध राहिला, कारण बरंचसं विष त्यातून निघून फुंकणीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत गेलं.

आता कॅडमियम नसलेली डाक मिळते. 2021 पासून हॉलमार्कही टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पण घराघरांतलं जुनं सोनं मोड म्हणून आमच्याकडेच येतं. वीस वर्षांपूर्वीचं मंगळसूत्र मुशीत पडलं की त्याच्या जोडांत उरलेलं कॅडमियम आज बाहेर येतं. त्यावर सोनं शुद्ध करताना निघणाऱ्या तेजाबाच्या तांबूस वाफा, त्या छाती जाळतात त्या वेगळ्याच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1993 मध्ये कॅडमियमला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्याला मोठा आधार होता तो कारखान्यांत कॅडमियम हाताळणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांच्या कर्करोगाचा. ते आत जाऊन काय करतं हे प्रत्येक गलाई कामगाराला समजलं पाहिजे, म्हणून इथे थोडं थांबतो.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुकं असतात. तरी डोळ्याची पेशी डोळ्यासारखी वागते आणि यकृताची यकृतासारखी, कारण प्रत्येक जागी काही जनुकं उघडी असतात, काही मिटलेली. मिटवायची एक खूण म्हणजे मिथाइल गट. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढीशी ती खूण. जनुकाचं अक्षर बदलत नाही, ते वाचलं जाणं थांबतं. कॅडमियम या खुणांच्या कारभारात हात घालतं. 2003 च्या एका प्रयोगात उंदराच्या यकृतपेशींना आठवडाभर कॅडमियम दिलं, तेव्हा खुणा कमी झाल्या. दहा आठवडे दिलं तेव्हा त्या नेहमीपेक्षा वाढल्या, आणि पेशी कर्करोगाच्या वाटेला लागल्या. 2007 मध्ये माणसाच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशींवर असाच प्रयोग झाला. त्यात पी-16 हे जनुक मिटलेलं आढळलं. पेशीला ‘थांब, आता विभागू नकोस’ असं सांगणारं जनुक ते. गाडीचा ब्रेक कापला नाही, पण त्यावर पाय पडणार नाही अशी सोय झाली. शिवाय पेशीतली दुरुस्ती करणाऱ्या काही प्रथिनांत जस्ताची जागा असते, ती जागाही कॅडमियम बळकावतं. मोडतोड वाढते आणि गवंडी कामावर नसतो.

हे काचेच्या बशीतले प्रयोग आहेत आणि आम्ही ते तसेच सांगू. कुणाच्या गाठीकडे बोट दाखवून ‘ही कॅडमियमचीच’ असं आमच्यापैकी कुणी म्हणणार नाही. पण मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम अर्धं कमी व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. पंधराव्या वर्षी भट्टीवर बसलेला मुलगा चाळिशीतही त्या पहिल्या वर्षाचा धूर बाळगून असतो. आणि बांगलादेशातल्या मातलब भागात गर्भवती बायकांच्या शरीरातल्या कॅडमियमचा संबंध बाळांच्या मिथाइल खुणांशी दिसला आहे. माळ्यावर निजणाऱ्या आमच्या लेकी-सुनांना हे सांगायचं कुणी?

एक गोष्ट धीर देणारी आहे. सिगारेट सोडलेल्या माणसांच्या रक्तात तंबाखूने उमटवलेल्या अशा कितीतरी खुणा वर्षांगणिक फिकट होत जातात. सगळ्या नाही, पण बऱ्याच. अक्षर फाटलं तर फाटलं. खूण मात्र पुसली जाऊ शकते. धूर आज थांबवण्याला अर्थ आहे तो यामुळे.

आमच्यातल्या एकाचे वडील छातीची तक्रार घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेले. केसपेपरवर व्यवसाय लिहिला गेला ‘धंदा’. विडी ओढता का, हे तीनदा विचारलं. तीस वर्षं काय गाळलं, हे एकदाही नाही. डॉ. वसंत खानोलकरांनी 1945 मध्ये धोतराची गाठ जिथे कमरेला घासते तिथे होणारा कर्करोग जगापुढे मांडला, तो त्यांनी रुग्ण कसा राहतो, काय नेसतो, हे पाहिलं म्हणून. लंडनचे पर्सिव्हल पॉट 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कर्करोगापर्यंत पोचले, तेही त्यांचं काम पाहून. बंगळुरात किदवाई या कर्करोग संस्थेत 1982 पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते. आमचं मागणं आहे की शहरातल्या प्रत्येक केसपेपरवर काम कोणतं, किती वर्षं, कशाच्या धुरात, हे लिहिलं जावं. आणि पेठेत वर्षातून एकदा लघवीतल्या कॅडमियमची तपासणी व्हावी, कारण रक्त अलीकडचं सांगतं आणि लघवी साठलेलं.

सरकारला एवढंच सांगणं आहे की माणसं मोजून कायदा लावू नका. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला 1948 च्या कायद्यात दहा कामगार लागत, 2020 च्या कामगार संहितेने ते वीस केले. आमच्या खोलीत तिघं असतात. धूर मोजा.

सराफांनो, घट मिलिग्रॅममध्ये मागता तर मोड देताना त्यात केडीएम आहे का तेही सांगा, आणि मजुरीत धुराड्याचा खर्च धरा.

सगळ्यात कठीण मागणं आमचं आमच्याकडे आहे. तोंडाला रुमाल बांधून कॅडमियमची वाफ अडत नाही. टेबलफॅन ती तोंडावरच आणतो. भट्टीवर झाकण आणि ओढणारा पंखा हवा, आणि वाफ शेजाऱ्याच्या खिडकीत न सोडता आधी पाण्यातून धुऊन काढायला हवी. माळ्यावर संसार नको. अठराच्या आतलं पोर भट्टीपुढे नको, मग ते भाचा असो की गावच्या पाहुण्याचा मुलगा. तंबाखूतही कॅडमियम असतं, तेव्हा भट्टीपुढची विडी विझवावी लागेल. मालक आम्ही आहोत, कामगारही आमचेच भाऊ आहेत. ‘आम्ही नाही का सोसलं’ हे वाक्य आम्ही आजपासून बंद करतो.

येत्या लक्ष्मीपूजनाला प्रत्येक दुकानात सोन्याच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवली जाईल. तिच्यात चार रकाने आहेत: नाव, गाव, भट्टीवर बसल्याचं साल, आणि जिना चढताना दम लागतो का. हळद-कुंकू दोन्ही वह्यांना लागेल. दुसरीचं पहिलं पान त्याच रात्री, भट्टी विझल्यावर, दुकानातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या नावाने भरायचं आहे.