तुतारीवर कात्री

एखाद्या जपानी खेळण्यांच्या कंपनीनें आपल्या व्हिडिओ गेम्सच्या आरंभीं कोणत्या वर्षीं कोणतें बोधचिन्ह झळकविलें, याचा इतिहास कोणी चिकाटीनें लिहितो हें ऐकलें कीं आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ हंसतो. खेळ तो खेळ, त्यांतही पडद्यावरचा, आणि त्याच्याही आधीं क्षणभर चमकणारें चिन्ह! रिकामपणाचा याहून कळस तो कोणता? हा हंशा मला बिलकुल मान्य नाहीं. तो आपल्या विद्येचें नव्हे, आपल्या आळसाचें लक्षण आहे.

ज्या कंपनीविषयीं हें हंसणें चालतें ती बांदाई. नाओहारु यामाशिना यांनीं 1950 सालीं टोकियोंत ती काढली. ‘पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारें’ अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी वचनांतून तिचें नांव घेतलेलें. चिन्ह मात्र वेळोवेळीं बदलत आलें. पुढें ती व्हिडिओ गेम्सच्या धंद्यांत शिरली आणि 2005 सालीं नामको या दुसऱ्या कंपनीशीं तिचा संसार जुळला. त्या वेळीं जपानींत बांदाईचें नांव आधीं, तर इंग्रजींत नामकोचें आधीं, अशी मोठी मजेदार तडजोड झाली. लग्नपत्रिकेवर कोणत्या काकांचें नांव वर छापावें यावरून आपल्या घरांत जें राजकारण चालतें त्याचीच ही आवृत्ति! 2014 सालीं सर्वत्र बांदाई वर आली, आणि 2022 सालीं संवादाच्या फुग्यासारखें नवें चिन्ह आलें. आतां हा क्रम ज्यानें नोंदून ठेवला त्याच्या हातीं काय आलें? कोणताही खेळ समोर ठेवा, तो कोणत्या काळचा आणि त्या काळीं घरांत थोरलेपण कोणाकडे होतें, हें पहिल्या चार सेकंदांत तो सांगूं शकतो. याला मी इतिहासाचें साधन म्हणतों. नाण्यावरील छापावरून राजाचा काळ ठरविणारा संशोधक यापेक्षां निराळें काय करतो?

आतां आपलें घर पाहूं. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पांच जणांनीं 1 जून 1929 रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी काढली; 1933 सालीं ती पुण्यास गेली. तुतारी फुंकणारी स्त्री हें तिचें चिन्ह. नांव पहाटेचें आणि खूण पहाट पुकारणाऱ्या वाद्याची! मूकपट काढण्यासाठीं निघालेल्या मंडळींनीं खूण म्हणून वाद्य निवडावें, यांत केवढी उमेद आहे! ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘रामशास्त्री’ हे बोलपट पाहणाऱ्या पिढीला त्या तुतारीनें एक ग्वाहीच दिली, कीं आतां जें दिसेल तें कुटुंबासह पाहण्याजोगें असेल. 1942 सालीं शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनीं वडील राजाराम व आई कमल यांच्या नांवांवरून ‘राजकमल’ काढली. तिच्या चिन्हांत कमळांत उभी राहून फुलें उधळणारी स्त्री आली. स्त्री राहिली, तुतारी गेली! या बदलावर कोणी निबंध लिहिला तर मी तो आवडीनें वाचीन.

इतरांचीं चिन्हेंही मुकीं नाहींत. मेहबूब यांच्या चित्रपटांच्या आरंभीं विळा-हातोडा दिसे आणि मागून ईश्वरी इच्छेवर भार टाकणारा उर्दू शेर ऐकूं येई. त्या काळच्या मनाची ओढाताण एका दृश्यांत सांपडते. 1949 च्या ‘बरसात’मधील प्रसंगावरून राज कपूर यांचें चिन्ह निघालें: एका हातीं व्हायोलिन, दुसऱ्या हातावर नर्गिस. 1956 च्या ‘जागते रहो’नंतर नर्गिस त्या कंपनीच्या चित्रपटांत आली नाहीं, चिन्हांत मात्र ती राहिली.

आणि या साधनांचें आपण काय करतों? सरळ कात्री लावतों. माझ्याजवळ एका प्रभात-बोलपटाची विकत घेतलेली तबकडी आहे. तींत तुतारीचा पत्ता नाहीं. विकणाऱ्या व्यापाऱ्याचें चिन्ह मात्र आरंभीं दिमाखानें येतें आणि पुढें दोन तास पडद्याच्या कोपऱ्यांत ठाण मांडून बसतें. वाहिन्यांवरही तीच तऱ्हा: वेळ वांचवावयाचा तर आधीं चिन्ह जातें, मग श्रेयनामावली. ‘अहो, ती तर कंपनीची जाहिरात, गोष्टीला कोठें धक्का लागला?’ असा युक्तिवाद मी ऐकला आहे. एखाद्या जुन्या पोथीचा लेखनकाल व लेखकाचें नांव असलेलें शेवटचें पान फाडून ‘कथा तर पुरी आहे’ असें म्हणण्यापैकींच हा प्रकार होय. जाहिरातच नको असेल तर व्यापाऱ्यानें आपली तरी कां ठेवावी?

नाशिककरांनीं तर या बाबतींत अधिक सावध असावें. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके 1913 सालीं आपला धंदा मुंबईहून नाशिकास घेऊन आले. 1918 सालीं येथेंच हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. भारतांत सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांपैकीं पुरे-अपुरे मिळून आज तीसच्या आसपास उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची जीं रिळें उरलीं तीं 1913 च्या मूळ चित्रपटाचीं नसून फाळक्यांनींच 1917 सालीं पुन्हां काढलेल्या आवृत्तीचीं आहेत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे भारताच्या पहिल्या कथाचित्रपटाविषयींसुद्धां ‘हा कोणता?’ असा वाद पडतो. असल्या वादांत पाटी, नामावली, चिन्ह, अक्षरांचें वळण यांचें मोल कळतें, आणि नेमके तेच तुकडे आपण निरुपयोगी म्हणून फेंकीत आलों. पुण्यास फिल्म संस्थेच्या आवारांतील कोठारास 2003 च्या जानेवारींत आग लागून नायट्रेटच्या फितीवरील जुना ठेवा जळाला, त्याबद्दल आपण हळहळलों. तेथें निदान ज्वाळांचा दोष होता. कात्री तर माणूस शुद्धीवर असतांना चालवितो.

तेव्हां माझी मागणी फार मोठी नाहीं. 1964 सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें मराठी चित्रपटांच्या प्रत्येक प्रतीबरोबर आरंभींच्या चिन्हाची वर्षवार नोंद छापावी. जुना चित्रपट विकणाऱ्यास वा दाखविणाऱ्यास मूळ चिन्ह व नामावली गाळण्याची मुभा करारांतच ठेवूं नये. आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं फाळक्यांचें जें स्मारक आहे, तेथील एखाद्या भिंतीवर उरल्यासुरल्या मूकपटांच्या आरंभींच्या पाट्या मोठ्या करून, साल घालून लावाव्या. तेथें सहलीस जाणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळांना बांदाईचें तांबडें चिन्ह ओळखतां येतें; त्यांच्यापुढें निदान दुसरी बाजू तरी ठेवलेली असावी.