रात्रीच्या पाळीचा हिशेब

शासकीय सेवेत असताना अनेक संघटनांबरोबर वाटाघाटी करण्याचा प्रसंग आला. त्यांपैकी एक बैठक आजही आठवते. महाराष्ट्राबाहेरील एका मोठ्या रुग्णालयातील परिचारिकांनी संपाची नोटीस दिली होती आणि तडजोड घडवून आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. निवेदनात चौदा मागण्या होत्या. गणवेश धुलाई भत्ता, वसतिगृहाची दुरुस्ती, रात्री उशिरा घरी सोडणारे वाहन, प्रसूती रजा, वेतनाची थकबाकी इत्यादी बारा मागण्या दुपारपर्यंत मान्य झाल्या. उरलेल्या दोन एकमेकींत गुंतलेल्या होत्या: रिक्त पदे भरावीत आणि एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत ते लेखी ठरवावे.

व्यवस्थापनाने लगेच एक तक्ता पुढे केला. प्रमाण निकषानुसारच होते. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या एका ज्येष्ठ सिस्टरनी विचारले, "साहेब, हे प्रमाण रात्री दोन वाजताचे आहे का?"

उत्तर कोणाकडेच नव्हते. करारात आम्ही लिहिले, "निकषांनुसार पुरेसे मनुष्यबळ ठेवण्यात येईल." संप मागे घेतला गेला, वरिष्ठांनी माझे अभिनंदन केले. आठ महिन्यांनी तीच नोटीस पुन्हा माझ्या टेबलावर होती. ते वाक्य मीच लिहिले होते, म्हणून त्यातील चूक सांगण्याची जबाबदारीही माझीच.

साधा हिशेब करून पाहू. केंद्र शासनाच्या कर्मचारी निरीक्षण पथकाच्या 1991-92 च्या निकषात सर्वसाधारण कक्षासाठी सहा खाटांमागे एक परिचारिका धरली आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष याहून चांगला आहे. पण कमी असलेलाच घेऊ. तीस खाटांच्या कक्षात प्रत्येक पाळीला पाच परिचारिका हव्यात, म्हणजे तीन पाळ्यांना दररोज पंधरा. आता महिन्याच्या आठ सुट्या, राष्ट्रीय सुट्या, अर्जित आणि नैमित्तिक रजा वजा केल्या, तर एक परिचारिका वर्षात सुमारे 228 दिवस कामावर असते. वर्षाच्या 5,475 पाळ्या भरून काढायला चोवीस परिचारिका लागतात. म्हणूनच त्या पथकाने सुट्या आणि रजांसाठी 45 टक्के जादा पदे सुचवली होती.

प्रत्यक्षात काय होते? कक्षाच्या नावे पंधरा पदे मंजूर असतात. त्यांतली तीन रिक्त, एक प्रसूती रजेवर आणि एक कार्यालयीन कामासाठी दुसरीकडे पाठवलेली. उरलेल्या दहाजणींमधून सकाळची पाळी कशीबशी भरते, कारण तेव्हा डॉक्टरांची फेरी असते. रात्री मात्र तीस रुग्णांमागे एक परिचारिका उरते. हजेरीपटावरचे प्रमाण खोटे नसते. पण रुग्णाच्या उशाशी ते पोहोचलेले नसते.

गेल्या दीड दशकात देशात परिचारिकांच्या चळवळीने मोठी मजल मारली. 2011-12 मध्ये केरळमधील खाजगी रुग्णालयांत त्यांचे संप झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. दोनशेपेक्षा अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तर दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत, असे तिने सुचवले. केरळने एप्रिल 2018 मध्ये सुधारित किमान वेतनाची अधिसूचना काढली. हे यश मोठे आहे. पण वेतनासाठी खाटांनुसार कोष्टक तयार झाले, तसे नेमके बंधन प्रत्येक पाळीतील संख्येवर आले नाही.

बाहेरच्या देशांत याच मुद्द्यावर संघर्ष झाला. कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये कायदा केला आणि 2004 पासून पाळीतील किमान प्रमाण बंधनकारक झाले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी 2023 मध्ये सुमारे 7,000 परिचारिकांनी तीन दिवस संप केला, तो मुख्यतः संख्येसाठी. त्याच वर्षी तेथील एका नवजात अतिदक्षता विभागात संख्या कमी ठेवल्याबद्दल लवादाने परिचारिकांना 1,27,000 डॉलर देण्यास रुग्णालयाला सांगितले. करार मोडण्याची किंमत ठरलेली असली की तो पाळला जातो.

लहान रुग्णालयांना हा खर्च पेलणार नाही आणि तो शेवटी रुग्णाच्या बिलात येईल, हा आक्षेप मी फेटाळणार नाही. परंतु खर्च आजही होतोच. फक्त तो ताळेबंदात दिसत नाही. अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा, चुकलेली औषधे आणि वर्षभरात नोकरी सोडून जाणाऱ्या मुली यांच्या रूपाने तो चुकता होतो. मे 2020 मध्ये कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शेकडो परिचारिका आपल्या गावी परतल्या, तेव्हा तो सर्वांना एकदम दिसला.

म्हणून पुढच्या प्रत्येक करारात चार गोष्टी असाव्यात असे मला वाटते.

1. प्रमाण मंजूर पदांवर न मोजता प्रत्येक पाळीत प्रत्यक्ष हजर असलेल्यांवर मोजावे.

2. कक्षाच्या दारावर रुग्ण किती आणि परिचारिका किती, हे दर पाळीला फलकावर लिहावे. नातेवाइकांना ते वाचता यावे.

3. अन्य कामावर पाठवलेली परिचारिका त्या कक्षाच्या संख्येत धरू नये.

4. सलग काही पाळ्यांत संख्या कमी पडली, तर तातडीच्या नसलेल्या नव्या भरती थांबवाव्यात आणि वाचलेले वेतन जादा भार उचलणाऱ्यांना द्यावे.

आपण परप्रांतात राहणारी माणसे. आजारपणात आपल्या उशाशी उभी असलेली मुलगीही बहुधा तिच्या घरापासून तितकीच दूर असते. ती किती रुग्णांकडे पाहते आहे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्या अधिकाऱ्याने तर ते विचारलेच पाहिजे, आणि उत्तर रात्री दोन वाजताचे मागितले पाहिजे. मी ते मागितले नव्हते.